गुंठा, मंडळ आणि माणूस : अवकाशीय विश्लेषणाच्या पुढच्या वाटा

जुना गाव नकाशा उघडला की शेतीचा प्रत्येक सर्व्हे नंबर सापडतो. बांध, ओढा, पांदण, विहीर, गायरान सगळे जागच्या जागी असते. गावठाणाच्या ठिकाणी मात्र एक वेडावाकडा वेढा आणि आत कोरा कागद. माणसे जिथे राहतात तेवढाच भाग रिकामा! कारण अगदी सरळ आहे. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणीची जी पद्धत बसवली ती शेतसाऱ्यासाठी होती. गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून शंकू-साखळी घेऊन आत शिरायची गरज कोणाला पडली नाही. शहरांत आणि मोठ्या गावांत पुढे नगर भूमापन झाले, पण हजारो लहान गावठाणे तशीच राहिली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने प्रायोगिक मोजणी झाली, २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना जाहीर झाली, आणि तेव्हा कुठे तो कोरा कागद भरू लागला.

या पुस्तकाच्या दाराशी हा नकाशा ठेवण्यामागे हेतू आहे. अवकाशीय विश्लेषण म्हणजे कोणती गोष्ट कुठे आहे, ती तिथेच का आहे आणि तिच्या असण्याचा शेजारपाजारावर काय परिणाम होतो, याचा मोजून-मापून घेतलेला शोध. हा शोध हाती असलेल्या नकाशावर आणि आकड्यांवर चालतो, आणि नकाशात काय यायचे हे तो ज्याला हवा असतो त्याच्या गरजेवर ठरते. त्यामुळे ‘यातून कोण सुटले?’ हा प्रश्न विश्लेषण आटोपल्यावर शेवटच्या परिच्छेदात दयाबुद्धीने विचारायचा नसतो. सुटलेल्या माणसांमुळे उत्तरच चुकते. न्यायाचा प्रश्न समाजशास्त्राकडे आणि अचूकतेचा आपल्याकडे, अशी वाटणी भूगोलाला परवडणारी नाही. पुढच्या प्रकरणांत सूत्रे येतील, मोरान निर्देशांक येईल, स्थानानुसार बदलणारी समाश्रयणाची गणिते येतील. ती तिथे नीट समजावली आहेत. प्रस्तावनेचे काम त्याच्या आधीचे आहे.

या विषयाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांची सुरुवात १८५४ च्या लंडनपासून होते. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवती पटकीचे मृत्यू दाटलेले डॉ. जॉन स्नो यांनी दाखवले आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. कथा खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. स्नो यांचा प्रसिद्ध नकाशा तयार झाला तो दांडा काढल्यानंतर. शिवाय त्यांना दुजोरा देणारा माणूस डॉक्टर नव्हता, मोजणीदारही नव्हता. हेन्री व्हाइटहेड हे त्या वस्तीतले तरुण धर्मोपदेशक. आधी त्यांचा स्नो यांच्या म्हणण्यावर विश्वास नव्हता. पण घराघरांत त्यांचे जाणे-येणे होते, कोण गाव सोडून गेले आणि कोणाच्या घरी पहिले मूल आजारी पडले हे त्यांना विचारता येत होते. साथीचा उगम ज्या घरातल्या तान्ह्या मुलीपाशी पोहोचतो ते घर त्यांनीच शोधले. नकाशावरचे ठिपके स्नोंचे, पण ठिपक्यांमागची घरे व्हाइटहेडना ठाऊक होती. आपल्या विषयाने स्नोंना जनक मानले आणि व्हाइटहेडना तळटीप केले. ही निवड मला नेहमीच खटकत आली आहे.

पुढे १९५० मध्ये मोरान यांनी शेजारच्या जागांमधले साम्य मोजण्याचे माप दिले. १९७० मध्ये डेट्रॉइट शहराच्या वाढीचे प्रारूप मांडताना वाल्डो टॉब्लर यांनी सहज लिहून टाकले की सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतोच, पण जवळच्या गोष्टींचा अधिक. हाच भूगोलाचा पहिला नियम म्हणून रूढ झाला. नियम उपयोगी आहे. पाऊस, मातीचा पोत, जमिनीचे भाव, साथीचे रोग, सगळ्यांना तो थोडाफार लागू पडतो. ‘जवळ’ म्हणजे काय, हा प्रश्न मात्र त्यातून सुटत नाही.

महाडचे चवदार तळे घ्या. १९२६ सालचा महाडचा नकाशा आणि तळ्याचे स्थान आजच्या कोणत्याही जीआयएस प्रणालीत भरा, तळ्याभोवती अर्ध्या किलोमीटरचे वर्तुळ काढा आणि ‘पाणवठ्याच्या आवाक्यातील लोकसंख्या’ मोजा. वर्तुळातली सगळी घरे आवाक्यात आली असेच यंत्र सांगेल. कागदही तेच सांगत होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात संमत झाला होता, आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठरावही केला होता. म्हणजे अंतर कमी, कायदा अनुकूल, पाणी मुबलक. तरीही ते पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांनिशी तळ्यापर्यंत चालत जावे लागले. त्यानंतर त्यांच्या अनुयायांना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. या दहा वर्षांत तळ्याचे आणि घरांचे अक्षांश-रेखांश जागचे हलले नव्हते.

हे उदाहरण मी वर्गात दिले की कोणीतरी म्हणतेच, ‘तो इतिहास झाला.’ ठीक आहे. मग आजची पाणीपुरवठ्याची आकडेवारी घेऊ. ‘गावात नळयोजना आहे’ ही नोंद गावाच्या नावापुढे पडते. गाव म्हणजे गावठाण, चार वाड्या, ठाकरवाडी, ओढ्यापलीकडची वस्ती आणि मळ्यात राहायला गेलेली घरे. टाकी गावठाणात असते आणि वस्ती चढावर. नोंद एकच, ‘आहे’. विश्लेषक ती खरी मानून जिल्ह्याचा नकाशा हिरवा रंगवतो. त्याने काही खोटे केलेले नसते. त्याने फक्त सर्वांत लहान एकक म्हणून गाव धरलेले असते, आणि पाणी न मिळण्याचा प्रश्न त्या एककाच्या पोटात असतो.

एककाचा हा घोळ आपल्या शास्त्राला फार पूर्वी कळला आहे. १९७९ मध्ये ओपनशॉ आणि टेलर यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ९९ काउंटी घेऊन एक खोडसाळ प्रयोग केला. वृद्धांचे प्रमाण आणि रिपब्लिकन पक्षाची मते यांचा सहसंबंध त्यांनी काढला, आणि त्याच काउंटी वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून नवे विभाग पाडत गेले. आकडे तेच, माणसे तीच, फक्त हद्दी बदलत होत्या. सहसंबंध जवळजवळ उणे एकपासून अधिक एकपर्यंत हवा तिथे नेता आला. असे निष्कर्ष वाचून विद्यार्थी पहिल्यांदा हसतात आणि मग आपल्या प्रबंधाकडे काळजीने बघतात.

आपल्याकडे यासाठी आयोवापर्यंत जायला नको. सातारा जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान हा आकडा कोणत्याही शासकीय पुस्तिकेत मिळतो. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माणदेशात दहिवडीकडे पाचशेच्या आसपास. या दोहोंची सरासरी ज्या ठिकाणी खरी ठरेल असे गाव शोधत बसावे लागेल. जिल्हा सोडून तालुक्यावर आले तरी पश्चिम टोक आणि पूर्व टोक वेगळे बोलते. म्हणून पीकविम्यासाठी महाराष्ट्राने महसूल मंडळ हे एकक धरले. महावेध प्रकल्पात २०१७ पासून राज्यभर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, साधारण मंडळाला एक. जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा हे कितीतरी चांगले, यात वाद नाही. पण एका मंडळात दहा-पंधरा गावे, कधी त्याहून जास्त. हवामान आधारित फळपीक विम्यात डाळिंब, द्राक्ष, आंबा, संत्रा यांची भरपाई त्या एका केंद्राच्या नोंदीवर ठरते. वळवाचा पाऊस शिवाराच्या एका अंगाला कोसळतो आणि दुसरे अंग कोरडे राहते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. केंद्र कोरड्या अंगाला असेल तर पलीकडच्या बागेत साचलेले पाणी विम्याच्या भाषेत पडलेलेच नसते.

शेतकरी म्हणतो, ‘आमच्याकडे पडला, तुमच्या यंत्रात नाही पडला.’ विमा कंपनी म्हणते, ‘यंत्र वस्तुनिष्ठ आहे.’ दोघेही खरे बोलतात. एका बिंदूवरचा पाऊस सगळ्या मंडळावर पसरवण्याचे जे गृहीतक आहे त्याची जबाबदारी मात्र कोणीच घेत नाही. ती घ्यायची तर गणितात तरतूद आहे. दोन केंद्रांच्या मधल्या जागेचा अंदाज बांधताना चूक किती असू शकते, तेही काढता येते. क्रिगिंग नावाची पद्धत अंदाजाबरोबर त्याची अनिश्चितताही देते. मग भरपाईच्या नकाशाशेजारी अनिश्चिततेचा नकाशा का लावला जात नाही? माझ्या मते या विषयाच्या भविष्यातले पहिले काम हेच आहे, आणि त्यासाठी नवा उपग्रह लागत नाही. ज्याच्या पैशावर परिणाम होणार आहे त्याला चुकीची मर्यादा दाखवायची, आणि ती ठरावीक पातळीच्या पुढे गेली तर शेतावर जाऊन पाहायचे, इतकी सोय करारात केली तरी पुष्कळ भांडणे कमी होतील.

आता उपग्रहांविषयी. इथे जरा थांबायला हवे, कारण सगळ्यांत मोठ्या आशा आणि सगळ्यांत मोठे गैरसमज याच ठिकाणी आहेत.

आपल्याकडे जमीन गुंठ्यांत बोलतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. लँडसॅटच्या चित्रातला एक चौकोन ३० मीटर बाजूचा असतो, त्यात जवळजवळ नऊ गुंठे मावतात. आपल्या रिसोर्ससॅटवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा चौकोन साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठे. लिस-४ चा ५.८ मीटरचा, तिथे गुंठ्याला तीन चौकोन येतात. युरोपच्या सेंटिनेल-२ चा दहा मीटरचा चौकोन मात्र योगायोगाने जवळजवळ नेमका एक गुंठा आहे. हा हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा आपल्या हाताने करावा. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर. तेही भावाभावांत वाटलेले, दोन-तीन ठिकाणी विखुरलेले, आणि मधला बांध दोन-तीन फुटांचा. चौकोन नऊ गुंठ्यांचा असेल तर त्यात तुमची ज्वारी, शेजाऱ्याची तूर आणि बांधावरचे बाभळीचे झाड एकत्र मिसळून एकच रंग होतो. यंत्र त्या रंगाला एक नाव देते.

शहरातल्या संशोधकाला ही तांत्रिक बाब वाटते. डोंगरात राहणाऱ्याचे यावर घर चालते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवर दावा करता येतो. मग त्या सुमाराची उपग्रह चित्रे काढून पाहायची कल्पना पुढे येणे साहजिक होते. आता उतारावरची नाचणीची किंवा वरईची दहा गुंठ्यांची पट्टी डोळ्यांपुढे आणा, मध्ये मोहाची दोन झाडे. लिस-३ मध्ये तिच्या वाट्याला जेमतेम दोन चौकोन येतात, आणि त्या चौकोनांत झाडांची सावलीही येते. शिवाय चित्र कोणत्या महिन्यातले? पावसाळ्यात ढग असतात, ढग हटल्यावर पीक निघालेले असते. ‘चित्रात शेती दिसत नाही’ आणि ‘तिथे शेती नव्हती’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसऱ्यासाठी पहिले पुरेसे नाही. २०१२ मध्ये नियमांत जी दुरुस्ती झाली तिने हे स्पष्ट केले : उपग्रह चित्रे आणि इतर तंत्रज्ञान पुराव्याला पूरक ठरू शकते, पण ते इतर पुराव्यांची जागा घेणार नाही. त्या पुराव्यांत गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब येतात, तशाच विहिरी, दफनभूमी, देवस्थाने अशा जागेवरच्या खुणाही येतात. भूगोलाच्या प्रत्येक वर्गात हा नियम शिकवला पाहिजे असे मला वाटते, कारण आपल्या शास्त्रातल्या पुराव्यांची उतरंड एका कायद्याने इतक्या नेमकेपणाने क्वचितच मांडली असेल.

सामूहिक हक्कांच्या बाबतीत गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा हक्क मिळवला. देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते मोडते. तिथली शिकवण अशी की जंगलाची हद्द जीपीएसवर उतरवणे हा शेवटचा आणि सोपा टप्पा असतो. आधी शेजारच्या गावांशी बसून कोणाचे कुठपर्यंत हे बोलावे लागते. बांबू कोण तोडते, तेंदू कोण वेचते, गुरे कुठे जातात, कोणत्या ओढ्याला कोणता देव आहे. ही बोलणी झाली नाहीत तर पॉलिगॉन कितीही सुबक काढा, तो भांडणाचा दस्तऐवज होतो. जगभर याला सहभागी नकाशांकन म्हणतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत जीआयएसवर कडाडून टीका झाली, जॉन पिकल्स यांनी संपादित केलेले ‘ग्राउंड ट्रुथ’ हे पुस्तक १९९५ मध्ये आले, आणि त्या वादातून या विचाराला विद्यापीठांत स्थान मिळाले. मुंबईत त्याच्या दहा वर्षे आधी स्पार्क या संस्थेने पदपथांवर राहणाऱ्यांची गणना केली होती. १९८५ च्या त्या अहवालाचे नाव होते ‘वी, द इन्व्हिजिबल’. पदपथवासीयांच्या हक्कांविषयीच्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल त्याच वर्षी आला. ते काम जीआयएसच्या इतिहासात लिहिले जात नाही, कारण त्यात संगणक नव्हता. नैरोबीतल्या किबेरा या झोपडपट्टीची जागा २००९ पर्यंत नकाशावर कोरी होती, ती तिथल्या तरुणांनी ओपनस्ट्रीटमॅपवर भरली. हे उदाहरण मात्र सर्वत्र दिले जाते. द्यावेच, पण मुंबईचे ते पदपथही आठवावेत.

यंत्रबुद्धीचा प्रश्न यालाच जोडून येतो. आता उपग्रह चित्रांवरून घरे ओळखणारी प्रारूपे आहेत. गुगलने २०२१ मध्ये आफ्रिकेपासून इमारतींचा असा खुला साठा प्रसिद्ध करायला सुरुवात केली. नासा आणि आयबीएम यांनी २०२३ मध्ये ‘पृथ्वी’ नावाचे मूलभूत प्रारूप खुले केले. पूर आला तर तासाभरात बुडालेली गावे सांगता येतील, ही किरकोळ गोष्ट नाही, आणि मी त्याविषयी उत्साही आहे. पण लोकसंख्येचे जे चौकटवार अंदाज आज आरोग्य आणि आपत्तीच्या नियोजनात वापरले जातात, त्यांतले बरेच छपरांवरून माणसे मोजतात. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, किंवा छप्पर प्लॅस्टिकच्या कागदाचे आणि तीन महिन्यांचे आहे, तो या अंदाजात कुठे बसतो? गावाबाहेर पडलेली भटक्यांची पाले यंत्राला दिसली तरी पुढच्या चित्रात ती तिथे नसतात. मग ती ‘चूक’ म्हणून वगळली जातात. प्रारूप शिकते ते शिकवणाऱ्याने आखून दिलेल्या नमुन्यांवरून. नमुन्यांत पाल नसेल तर त्याच्या जगात पाल नाही.

पाल हलते, तसा माणूसही हलतो. टॉर्स्टन हेगरस्ट्रँड या स्वीडिश भूगोलज्ञाने १९७० मध्ये आपल्या प्रसिद्ध निबंधात हाच प्रश्न विचारला होता : प्रादेशिक शास्त्रात माणसे कुठे आहेत? माणूस एका वेळी एकाच जागी असतो आणि दिवसभर त्याची एक वाट असते, एवढ्या साध्या गोष्टीवर त्याने कालभूगोल उभा केला. मराठी मुलखात त्याला किती विषय मिळाले असते! दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेली कोयत्याची जोडपी, दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कोकणाकडे जाणारे धनगरांचे वाडे, खरीप उरकल्यावर वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे. आपली सगळी आकडेवारी मात्र माणूस जिथे निजतो त्या एका पत्त्याला खिळलेली. स्वामित्वच्या मोजणीत ड्रोन उडण्याआधी घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात, ड्रोनला ती रेघ दिसते. मोजणी डिसेंबरात आली तर ज्यांच्या घराला कुलूप आहे त्यांची रेघ कोण मारणार? गावात असलेल्यांतही रेघेपाशी उभे राहतात ते बहुतेक पुरुषच. चित्र सेंटिमीटरपर्यंत अचूक आणि रेघ शेजाऱ्याने मारलेली, असे होऊ शकते. मोजणीचे वेळापत्रक गावाच्या स्थलांतराच्या वेळापत्रकाशी जुळवणे, हेही अवकाशीय विश्लेषणाचेच काम मानले पाहिजे.

बायकांच्या बाबतीत तर दिवसाच्या वेळेनुसार नकाशा बदलतो. बसथांब्यापासून पाचशे मीटर हे अंतर सकाळी अकराला आणि रात्री दहाला एकच नसते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉइटर?’ या २०११ च्या पुस्तकात मुंबईतल्या स्त्रियांचे सार्वजनिक जागेतले वावरणे मांडले आहे. त्यात गणित नाही, पण वर्तुळे काढण्यापूर्वी ते वाचावे. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला ते पाचशे मीटर पदपथाच्या उंचीवर अडतात. रस्त्यांच्या जाळ्यावरून अंतर मोजताना प्रत्येक दुव्याला उंची, उजेड, ओलांडता येते की नाही, असे गुण जोडता येतात. तंत्र तयार आहे. आपल्या शहरांकडे पदपथांची तशी माहिती फारच थोडी आहे.

इथवर मी नकाशावर येण्याच्या बाजूने बोललो. आता उलट बाजू, कारण सगळ्यांना नकाशावर आणा ही घोषणा धोक्याचीही आहे. सह्याद्रीतल्या देवरायांचे नेमके स्थान प्रसिद्ध झाले की अभ्यासकांच्या मागोमाग जमिनीचे दलालही येतात. आरोग्य सर्वेक्षणांत या धोक्याचा विचार बराच झाला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ज्यात येते त्या डीएचएस या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण-मालिकेत नमुना गावांची स्थाने मुद्दाम सरकवून देतात, शहरात दोन किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात पाच किलोमीटरपर्यंत, आणि काही थोडी दहापर्यंत. म्हणजे माणसाचे रक्षण करण्यासाठी जाणूनबुजून चूक घालायची आणि किती घातली ते सांगायचे. ही तडजोड मला प्रामाणिक वाटते. आदिवासी समूहांच्या माहितीविषयी २०१९ मध्ये मांडलेली ‘केअर’ तत्त्वे आणखी पुढे जातात. माहिती कोणाची, तिच्यावर ताबा कोणाचा आणि तिचा लाभ कोणाला, हे तो समूह ठरवील, असे ती सांगतात.

सर्वांत अवघड गाठ आपल्या घरातलीच आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. कोणाच्याही पत्त्यात अपमान असू नये. पण नळ, रस्ता, दिवा या वस्तीपर्यंत इतरांच्या बरोबरीने पोहोचला का, हे तपासायचे तर ती वस्ती कोणाची हे कुठेतरी नोंदलेले असावे लागते. नाव नकाशावरून पुसायचे आणि नोंद हिशेबात ठेवायची, ती कोणी पाहावी आणि कोणी नाही हे ठरवायचे. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. तसे उत्तर असल्याचे सांगणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांचा मला संशय येतो.

हे सगळे करणार कोण? काही वर्षांपूर्वीपर्यंत भूगोलाच्या विद्यार्थ्याला किनाऱ्याचा स्थलनिर्देशक नकाशा मिळवणे हीच परीक्षा होती. वर्षानुवर्षे त्याच त्या झेरॉक्स पिढ्यांनी वापरल्या. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची परवान्यांची बरीच बंधने काढली आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. क्यूजीआयएस फुकट आहे, सेंटिनेलची चित्रे फुकट आहेत. अडसर आता वेगळ्या जागी आहे. महाराष्ट्रात कर्जत दोन, एक रायगडात आणि एक अहिल्यानगरात. खेड पुण्यात आहे आणि रत्नागिरीतही. वडगाव आणि पिंपळगाव किती, हे मोजायच्या फंदात कोणी पडू नये. इंग्रजी लिपीत त्यांची चार-चार रूपे. दोन तक्ते नावावरून जोडले की रायगडचा पाऊस अहिल्यानगरात पडतो. हे टाळायला गावांचे सांकेतिक क्रमांक आहेत, पण ते वापरायची सवय आणि चूक पकडायची नजर तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात तयार झाली पाहिजे. कारण कोणते वडगाव धरणाखाली गेले आणि कोणते राहिले, हे तिथल्याच मुलीला ठाऊक असते.

अशा मुलामुलींसाठी एक काम समोर उभे आहे. २०११ नंतर देशाची जनगणना झाली नाही. पुढची १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची आहे. या सोळा वर्षांत १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर यांची नावे बदलली, शहरांलगतची गावे महापालिकांत गेली, काही वाड्यांना स्वतंत्र गावाचा दर्जा मिळाला. जुने आणि नवे आकडे थेट शेजारी ठेवले तर आयोवाचा तो खोडसाळ प्रयोग आपण नकळत स्वतःवरच करू. कोणत्या जुन्या गावाचा कोणता भाग कोणत्या नव्या गावात किंवा प्रभागात गेला, याची गाववार जुळणी यादी लागेल. ती एका तालुक्यासाठी चार विद्यार्थी, एक तलाठी आणि दोन-तीन जुनी माणसे मिळून करू शकतात. नवे आकडे प्रसिद्ध होण्याच्या आत ती करावी लागेल, आणि प्रत्येक वाडी-वस्तीचा स्वतंत्र रकाना त्यात पहिल्यापासून ठेवावा लागेल.